जिनिव्हाच्या काट्यावर बिद्रीचा ऊस

ब्राझीलनं आपल्यावर केस घातली आहे, ही गोष्ट बिद्री भागात फारशी कुणाला ठाऊक नाही. नाही तेच बरं. फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की कोल्हापूरच्या पेठांमध्ये ब्राझीलचे पिवळे झेंडे लागतात, अर्जेंटिनावाल्यांशी हमरीतुमरी होते, पहाटेपर्यंत जागून सामने बघितले जातात. आणि ज्यांच्यासाठी आपण घसा फोडला त्याच गड्यांनी २०१९ च्या फेब्रुवारीत जागतिक व्यापार संघटनेकडं जिनिव्हाला तक्रार दिली की भारतात ऊसवाल्या शेतकऱ्याचे फार लाड चाललेत, ते थांबवा. मागोमाग मार्चमध्ये ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाही आले. ऑस्ट्रेलियाचं समजू शकतो, क्रिकेटपासून ते तसेच आहेत. ग्वाटेमालाचं आपण काय घोडं मारलं होतं, हे कळायला मार्ग नाही.

ही बातमी मी आबांच्या कानावर घातली. आबा म्हणजे माझे चुलते. बिद्रीच्या शिवाराला लागून साडेतीन एकर रान, दोन म्हशी, आणि आयुष्यात उसाशिवाय दुसऱ्या पिकाकडं वाकडी नजर न टाकलेला माणूस. ग्वाटेमाला कुठं आलं, हे त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "रिकव्हरी किती पडती त्येंची?"

आमच्याकडं माणसाची, गावाची आणि देशाची ओळख रिकव्हरीवरून ठरते. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, तो आकडा म्हणजे रिकव्हरी. कोल्हापूर जिल्ह्यात तो बाराच्या आसपास किंवा वर असतो, म्हणून आम्ही बाकीच्या महाराष्ट्राकडं जरा मान वर करूनच बघतो. पाहुण्यांच्या घरी मुलगी द्यायची तरी पोरगा काय शिकलाय याच्याआधी ऊस कुठल्या कारखान्याला जातो, हे विचारलं जातं.

बिद्रीचं तर सगळंच कारखान्याभोवती. कागल तालुक्यातलं हे गाव, कोल्हापूरहून गारगोटीला जाताना मुदाळतिट्ट्याच्या अलीकडं लागतं. श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना असं मोठं नाव असलं तरी सगळा जिल्हा त्याला नुसतं 'बिद्री' म्हणतो. कागल, राधानगरी, भुदरगड, करवीर एवढ्या तालुक्यांत सभासद पसरलेले. कारखान्याचा पत्ता मौनीनगर. पाटगावच्या मौनी महाराजांचं नाव या मुलखात विद्यापीठापासून सगळीकडं आहे. महाराजांनी मौन पाळलं. पण त्यांच्या नावाच्या या पत्त्यावर निवडणूक लागली की चार तालुक्यांत पंधरा दिवस कुणी गप्प बसत नाही. इथली निवडणूक म्हणजे आमदारकीचा सराव सामना, असं जाणकार म्हणतात. जाणकार म्हणजे तिट्ट्यावरच्या चहाच्या टपरीवर सकाळी साडेसहाला हजर असलेले सगळे.

तर या टपरीवर मी जिनिव्हाचा खटला समजावून सांगायला घेतला. पहिल्यांदा पेट्या सांगितल्या. शेतकऱ्याला सरकार जी मदत करतं, ती जिनिव्हाचे लोक रंगांच्या पेट्यांत भरतात. पिकाला भाव ठरवून दिला, तर ती अंबर पेटी. ती वाईट, तिला मर्यादा. आपल्यासारख्या देशाला पिकाच्या एकूण किमतीच्या दहा टक्के, त्यापुढं गेलं की गुन्हा. उत्पादन आवरतं घ्या म्हणून पैसे दिले, तर निळी पेटी. ती चालते. आणि शेतकऱ्यानं काय पिकवलं, किती पिकवलं, पिकवलं का नाही, यातलं काहीही न विचारता पैसे दिले, तर ती हिरवी पेटी. तिला मर्यादाच नाही, कितीही द्या.

टपरीवर शांतता पसरली. मग एक जण म्हणाला, "म्हंजे काम करून पैसं घेतलं की चोर, आणि बसून घेतलं की साव?"

मी म्हटलं, ढोबळ मानानं तसंच.

"मग आमच्या थोरल्याला जिनिव्हाला पाठवा. त्यो हिरव्या पेटीतच जल्माला आलाय."

याच हिशेबानं आबांचे पीएम किसानचे दोन हजार हिरव्या पेटीत बसतात. २०१९ मध्ये सुरू झालेली ही योजना. वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यांत. २०२३ पासून राज्यानं 'नमो शेतकरी' म्हणून आणखी सहा हजारांची भर घातली. जगात कुणाची हरकत नाही, ब्राझीलची नाही, ग्वाटेमालाची तर नाहीच. हरकत असते ती फक्त आबांच्या अंगठ्याची. उभ्या आयुष्यात उसाचा पाला काढून, पाचट ओढून आणि खुरपं धरून आबांच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच झिजल्यात. केवायसीच्या यंत्रावर त्यांनी अंगठा ठेवला की यंत्र म्हणतं, हा माणूस ओळखता येत नाही. ज्यानं शेती केली त्याच्या बोटाला रेषा उरत नाहीत आणि ज्याच्या रेषा ठळक, तो पहिल्या फटक्यात शेतकरी ठरतो. पुढं सरकारनं चेहरा ओळखणारं ॲप आणलं. त्यात मोबाईल समोर धरून डोळे मिचकवायला लागतात. ऐंशीच्या घरातल्या आबांनी भर चौकात मोबाईलकडं बघून डोळा मारला तेव्हा पलीकडच्या दुकानातल्या काकूंनी दोन दिवस आमच्या घराशी बोलणं टाकलं होतं. हप्ता मात्र आला.

आता अंबर पेटीतला आरोप बघू. तो एफआरपीचा. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे; त्यात २००९ मध्ये दुरुस्ती होऊन जुन्या किमान भावाच्या जागी 'रास्त आणि किफायतशीर दर' आला. २०२५-२६ च्या हंगामाला तो सव्वादहा टक्के रिकव्हरीला क्विंटलमागं ३५५ रुपये आहे, आणि पुढच्या प्रत्येक दशांश टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. सव्वाबाराची रिकव्हरी धरली तर टनाला चार हजार दोनशेच्या वर जातं. त्यातून तोडणी-वाहतूक वजा करून राहील तो आमचा दर. हे गणित दहावी नापास झालेला आमच्याकडचा कुठलाही गडी बैलाला पाणी दाखवता दाखवता तोंडी करतो. त्याच गड्याला दहावीत सरळव्याज आलं नव्हतं.

जिनिव्हाचं म्हणणं असं की, हा भाव सरकार ठरवतं, म्हणजे ही सरकारची मदत. आणि २०१४-१५ ते २०१८-१९ अशी ओळीनं पाच वर्षं ती दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडून गेली. मदत मोजायची कशी? तर आजचा ठरलेला भाव आणि १९८६ ते ८८ सालचा जागतिक भाव यांतला फरक काढायचा. होय, १९८६-८८. करारात तेच साल गोठवून ठेवलंय. त्या साली आबांचं लग्न होऊन पोरं शाळेत जात होती आणि सोनं आजच्या मानानं फुकट होतं. त्या भावाशी आजची तुलना करायची म्हटली, तर सलूनवाल्यापासून सराफापर्यंत जगातला प्रत्येक धंदा अंबर पेटीत जाऊन बसेल. पण सलूनवाल्यावर कुणी केस घालत नाही.

भारत सरकारनं यावर दिलेलं उत्तर मला मनापासून आवडलं. सरकार म्हणालं, आम्ही कुठं काय देतो? पैसे तर कारखाना देतो. आमच्या तिजोरीतून यात एक पैसा जात नाही, मग मदत कसली?

आणि हे अगदी खरं आहे. अडचण एवढीच की हेच सरकार दिल्लीत दरवर्षी एफआरपी जाहीर करताना जे पत्रक काढतं, त्यात पाच कोटी ऊसउत्पादक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना याचा लाभ होणार असल्याचं मोठ्या अक्षरांत असतं. म्हणजे दिल्लीत आम्ही दिलं, जिनिव्हात आम्ही दिलंच नाही. टपरीवर याचं कुणाला नवल वाटलं नाही. सभासदांपुढं एक बोलायचं आणि साखर आयुक्तांपुढं दुसरं, ही कला बघत बघतच आमच्या तीन पिढ्या मोठ्या झाल्या. उलट एकानं विचारलं, "दिल्लीला आमच्याकडचाच कोण तरी सल्ला द्यायला गेलाय काय?"

न्यायाधीशांच्या पॅनेलनं डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताविरुद्ध दिला. म्हणाले, पैसे कुणाच्या खिशातून गेले याला महत्त्व नाही, भाव कुणी ठरवला याला आहे. आबांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदाच गंभीर झाले. "भाव सरकार ठरवतं?" ते म्हणाले. "मग जयसिंगपूरला आम्ही दरसाली कशाला जातोय?"

जयसिंगपूरची ऊस परिषद म्हणजे आमचं अधिवेशन. राजू शेट्टी आणि स्वाभिमानी शेतकरी संघटना तिथं दरवर्षी हंगामाच्या तोंडावर पहिल्या उचलीचा आकडा जाहीर करतात. कारखानदार म्हणतात, हे शक्य नाही. मग चार-आठ दिवस रस्ते अडतात, ट्रॉल्यांच्या टायरींची हवा जाते, दराची कोंडी फुटते आणि धुराडी पेटतात. दिल्लीचा दर हा सुरुवातीचा आकडा. पुढचं सगळं आम्ही आमच्या घशाच्या जोरावर मिळवलेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं एफआरपीचे दोन तुकडे करायची मुभा कारखान्यांना दिली होती. त्यावर शेट्टी कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. सरकारी मदत मिळवण्यासाठी सरकारविरुद्धच कोर्टात जावं लागतं, हा बारकावा पेट्या रंगवणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेला दिसतो.

कारखानदारांची बाजूही ऐकायला हवी, नाहीतर उद्या माझी ऊसतोड मागं पडेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रानं साखरेचा किमान विक्री दर किलोला ३१ रुपये केला. तेव्हा एफआरपी क्विंटलला २७५ होती. त्यानंतर ती सहा वेळा वाढून ३५५ वर आली, आणि २०२५ चा हंगाम तोंडावर आला तरी साखरेचा ३१ चा आकडा जागचा हलला नव्हता. त्यात इथेनॉल. तीन-चार वर्षं सांगत होते, साखर सोडा, इथेनॉल करा, ऊसवाला हा ऊर्जादाता आहे. लोकांनी कर्जं काढून डिस्टिलरी वाढवल्या. आणि ७ डिसेंबर २०२३ ला, गाळप ऐन भरात असताना हुकूम आला की रसापासून इथेनॉल बंद. आठवडा गेला तसा सुधारित हुकूम आला की सतरा लाख टन साखरेइतकं करा. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा सगळं मोकळं. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. लावला तेव्हा तो ऊर्जादाता होता, कांडी धरली तेव्हा संशयित झाला आणि तुटायच्या वेळी पुन्हा राष्ट्रकार्यात. उसाला धोरण कळत नाही म्हणून तो वाढतो.

एवढं सगळं असून आबा ऊस सोडत का नाहीत? कृषी खात्याच्या साहेबांपासून पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांपर्यंत सगळे हा प्रश्न विचारतात. ऊस पाणी पितो, जमीन खारवतो, आळशी माणसाचं पीक आहे वगैरे. सगळं खरं. पण माझ्या मते उत्तर सोपं आहे. सगळ्या सरकारी योजनांत उसाचा भाव हा एकच आधार असा आहे, ज्याला अर्ज करावा लागत नाही. फोटो नाही, ओटीपी नाही, लॉटरी नाही. ऊस काट्यावर गेला की चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज, असं कायद्यातच लिहिलंय. व्याज कुणी घेतलेलं आबांनी पाहिलं नाही ते सोडा. पण पैसे येतात. सोसायटीत येतात, पीककर्जाला दंडवत घालतात, खताची उधारी भागवतात आणि वाचलेले घरी येतात. मार्चअखेर नवं-जुनं केलं की तीन लाखांपर्यंतचं कर्ज बिनव्याजी. दर दहा दिवसाला दुधाचं बिल. या चाकोरीत पिढ्या गेल्या. आता तिच्यातून बाहेर पडायचं म्हणजे पोर्टलवर जायचं.

पोर्टलवर एकदा गेलो होतो, आबांच्या वतीनं. ठिबकसाठी. महाडीबीटीवर अर्ज एक आणि योजना अनेक; तेव्हा सगळे अर्ज लॉटरीत जायचे. आपलं नाव निघालं नाही तर पुढची लॉटरी. आबांनी दिवाळी बंपरच्या तिकिटासारखी रोज चौकशी सुरू केली. पुढं १५ एप्रिल २०२५ पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही लागायला लागला. म्हणजे सातबारा आहे, आठ अ आहे, आधार आहे, सोसायटीचं पासबुक आहे, कारखान्याचं सभासदत्व आहे, तरी आबा शेतकरी आहेत की नाही याचा निकाल लागायचाच होता. क्रमांक मिळाला त्या दिवशी ते म्हणाले, "चला, झालो एकदाचा."

ई-पीक पाहणी त्याहून गमतीची. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून आपल्या रानातलं पीक आपणच मोबाईलवर नोंदवायचं, फोटोसह. पूर्वी हे काम तलाठी चावडीत बसून, रान न बघता, बऱ्यापैकी अचूक करायचे. आता आडसाली उसात शिरलं की पुढचा माणूस दिसत नाही, मग रेंज कुठून दिसणार? रेंजसाठी बाहेर रस्त्यावर यावं, तर ॲप म्हणतं, तुम्ही शेतापासून लांब आहात. शेवटी आमच्या पोरानं बांधावरच्या आंब्यावर चढून फोटो काढला. फोटोत आंबा जास्त आला.

उसाला पर्याय म्हणून गेली काही वर्षं बांबूचा जोर आहे. बांबूची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे झाड होतं. वनस्पतीशास्त्र सांगतं की ते गवत आहे, उसाचंच भावकीतलं. पण कायद्यानं झाड म्हटलं, म्हणजे झाड. त्यामुळं स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायचा तरी वनखात्याच्या परवान्याचा घोर. नव्वद वर्षं हे चाललं. नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम निघाला आणि जंगलाबाहेरचा बांबू एका रात्रीत झाड राहिला नाही. जंगलातला मात्र झाडच. म्हणजे दाजीपूरच्या रानातला बांबू झाड आणि आबांच्या बांधावरचा नाही. मधल्या सीमेवर एखादं बेट असेल तर त्यानं आपली सोय बघावी. आबांना बांबू पटला नाही. "तोडायला टोळी कोण देणार? आणि काटा कुठं हाय?" काटा म्हणजे वजनकाटा. ज्या पिकाला गावात काटा नाही ते पीक आबांच्या लेखी छंदात जमा.

वनखात्याशी आबांचा संबंध येतो तो गव्यामुळं. राधानगरीचं अभयारण्य हे राज्यातलं पहिलं, १९५८ सालचं, आणि ते गव्यांसाठीच. गव्यांना आता अभयारण्यापेक्षा ऊस बरा वाटतो. गोड आहे, दाट आहे आणि पाटबंधारे खात्याच्या कृपेनं बारमाही हिरवा आहे. गव्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण, तेही पहिल्या अनुसूचीतलं. उसाला १९६६ चा आदेश. हे दोन्ही कायदे रात्री दोन वाजता आबांच्या रानात समोरासमोर आले की कोण माघार घेतं हे सांगायला वकील नको. आबा बॅटरी घेऊन बांधावर उभे राहतात आणि अंतर राखून त्याला समजावतात. सकाळी नुकसानभरपाईचा अर्ज, मग पंचनामा. पंचनाम्याला आलेल्यानं विचारलं, "गवाच होता कशावरून?" आबा म्हणाले, "सही करून गेला न्हाई त्यो." पण खुरांचे ठसे होते म्हणून जमलं. पावसानं ठसे पुसले असते तर तो ऊस कुणीच खाल्ला नसता.

राहता राहिले मासे. २२ एप्रिल २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. आता मच्छीमारांनाही शेतकऱ्यासारखं कर्ज, विमा, विजेचा दर. निर्णय चांगला आहे, कोकणात आणि तळ्यांवर जगणाऱ्यांचं भलं होईल. टपरीवर मात्र एक जण हळहळला. "बिचारी चांगली पाण्यात पोहत हुती. आता त्येंचं बी ई-केवायसी." प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत तळ्याला चाळीस टक्के अनुदान आहे, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना साठ. शेजारच्या एका उत्साही तरुणानं तळं खोदलंय. त्याच्या मते धंदा नफ्याचा आहे. फक्त रात्रीची राखण करावी लागते. मासे पळत नाहीत, पाहुणे येतात.

आमच्याकडचा खरा मत्स्यव्यवसाय जूनमधला. वळीव झोडपून जातो, ओढे भरून वाहतात आणि चढणीचे मासे पाण्याच्या उलट्या अंगानं भाताच्या वाफ्यात, उसाच्या सरीत येतात. मग अख्खा गाव बॅटऱ्या, बुट्ट्या आणि बायकोला न सांगता आणलेली मच्छरदाणी घेऊन रात्रभर पाण्यात. शेती आणि मत्स्यव्यवसाय एक आहेत हे मंत्रिमंडळाला २०२५ मध्ये कळलं, ते माशांना आधीपासून ठाऊक होतं.

मासे पकडण्याचाही जिनिव्हाला एक करार झालाय, जून २०२२ मध्ये. सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. भारत अजून त्यात शिरलेला नाही. बेकायदा, न नोंदवलेल्या आणि अनियंत्रित मासेमारीला सरकारी मदत बंद, असा त्याचा गाभा. हे तीन शब्द मी वाचले तेव्हा टपरीवरच्या अर्ध्या लोकांनी कप खाली ठेवले. चढणीच्या रात्री आम्ही करतो त्याचं इतकं नेमकं वर्णन स्वित्झर्लंडमध्ये बसून कुणी केलं असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. करार समुद्रापुरता आहे असं सांगितल्यावर चहा पुन्हा सुरू झाला.

आणि उसाच्या खटल्याचं काय झालं, हे विचारायचं राहिलंच. भारतानं जानेवारी २०२२ मध्ये अपील केलं. जिनिव्हाला अपिलासाठी सात जणांचं मंडळ असतं. पण अमेरिकेनं नवीन नेमणुका अडवून धरल्यामुळं २०१९ च्या डिसेंबरपासून ते मंडळ काम करू शकत नाही, आणि पुढच्या वर्षी उरलेला शेवटचा सदस्यही मुदत संपवून घरी गेला. म्हणजे भारतानं अपील अशा कोर्टात केलं, जिथं एकही न्यायाधीश नाही. अपील दाखल आहे म्हणून निकाल लागू नाही, आणि न्यायाधीश नाहीत म्हणून अपील चालत नाही. आमच्याकडं भावकीच्या वाटणीची प्रकरणं लढवून केस पांढरे झालेल्या एका निवृत्त कारकुनानं हे ऐकून हात जोडले. "एवढी देखणी स्थगिती म्या उभ्या नोकरीत बघितली न्हाई," असं ते म्हणाले.

ही चर्चा चालू होती तेवढ्यात कारखान्याचा चिटबॉय मोटारसायकलवरून आला आणि आबांना म्हणाला, "तोड आली, उद्या टोळी घुसणार." मग ब्राझील, ऑस्ट्रेलिया सगळे मागं पडले. तोड येणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. महिनाभर आबा या चिटबॉयला दिसेल तिथं चहा पाजत होते. ऊस वाळतोय, वजन घटतंय, मागच्या खोडव्याला उशीर होतोय, या चिंतेत माणूस जावयासमोर वाकणार नाही इतका शेतकी गटाच्या ऑफिसात वाकतो. एफआरपी दिल्लीत ठरते, दर जयसिंगपुरात आणि कोंडी कोल्हापुरात फुटते. पण आपला ऊस कुठल्या तारखेला तुटणार ते हा तेवीस वर्षांचा पोरगा ठरवतो. त्याच्याबद्दल कुठल्याही करारात एक ओळ नाही.

दुसऱ्या दिवशी टोळी आली. बीडकडची. दहा-बारा कोयते, म्हणजे दहा-बारा जोडपी. एका नवरा-बायकोला मिळून एक कोयता मोजतात. पहाटे चारपासून सपासप तोड सुरू. बाया मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवरून वर चढत होत्या. त्यांची लहान पोरं बांधावर पाचटात. वाडं बांधून विकायला बाजूला पडत होतं. त्यांना मजुरी टनावर, आणि उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ निघालंय, टनामागं कारखान्यांनी दहा रुपये भरायचे असं ठरलंय. बाकी ज्या उसाच्या भावावरून तीन देश भांडायला उठले, त्यातल्या कुठल्याच पेटीत हे कोयते नाहीत.

दुपारी मुकादम खुशाली, म्हणजे मजुरीवरचे वरचे पैसे, मागायला आला. खुशाली देऊ नका, मागितली तर तक्रार करा, अशी आवाहनं दर हंगामात निघतात आणि दर हंगामात खुशाली दिली जाते. आबांनी नेहमीप्रमाणं खर्चाचा पाढा वाचला. खत महागलं, मजूर मिळत नाही, गव्यानं एवढं खाल्लं. मुकादम शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "आबा, तुमाला भाव कमी पडला तर तुमी रस्ता अडवितासा. आमी कुटला रस्ता अडवायचा? आमी रस्त्यावरच ऱ्हातो की."

आबांनी खिशातनं मोजलेले पैसे काढले, त्यात आणखी पाचशेची एक नोट घातली आणि मुकादमाच्या हातात दिली. मी बघतोय हे लक्षात आल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्ये तेवढं जिनिव्हाला कळवू नगंस."